घरपोच भाडेकरार सर्व्हिस (पुणे) : मुलगा वेळेवर येतो, अंगठे होतात, पण ड्राफ्ट तुम्हीच वाचा

आधी निकालच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातला अर्धा स्टार अंगठे घ्यायला जो मुलगा घरी आला त्याचा आहे, तो नसता तर तीनवर थांबले असते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुण्यात असे घरपोच अ‍ॅग्रीमेंटवाले गल्लोगल्ली आहेत, सगळ्यांचं काम साधारण एकाच साच्यातलं असतं आणि मला जे खटकलं ते बाकीच्यांकडेही खटकेल अशी मला खात्री आहे.

तर आमचा धायरीला २ बीएचके आहे, माझ्या आणि सासूबाईंच्या नावावर, आम्ही राहतो बिबवेवाडीला. जुने भाडेकरू गेले, नवीन एक जोडपं आलं, दोघंही नोकरीवाले, भाडं १९ हजार ठरलं, डिपॉझिट ५० हजार. ब्रोकर म्हणाला मॅडम रजिस्ट्रारच्या ऑफिसला जायची गरज नाही, माझा माणूस घरी येतो. आणि सासूबाईंचे गुडघे बघता ते "घरी येतो" ऐकूनच मी हो म्हणले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे काही खासगी जुगाड वगैरे नाहीये. महाराष्ट्र सरकारच्या नोंदणी व मुद्रांक विभागाची लिव्ह अँड लायसन्स कराराची (म्हणजे आपल्या नेहमीच्या भाडेकराराची) ऑनलाइन नोंदणी आहे, आधारवर चालते. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार, सगळ्यांचा आधार नंबर, वेबकॅमवर फोटो आणि अंगठा. मग ते ऑनलाइन दुय्यम निबंधकांकडे (सब-रजिस्ट्रारकडे) जातं, तिकडून मंजूर झालं की रजिस्ट्रेशन नंबर पडतो आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) सकट पीडीएफ मिळते. एजंट फक्त लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन फिरतो. सगळ्यांनी एका जागी एकाच वेळी बसायची पण गरज नाही, आमचे अंगठे दुपारी आमच्या घरी झाले आणि भाडेकरूंचे त्याच संध्याकाळी त्यांच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये. ही सोय खरंच भारी आहे, यात कसलाही किंतु नाही. स्वतः पण करता येतं हे सगळं, पण अंगठ्याचं मशीन विकत घ्या, त्याचे ड्रायव्हर टाका, कॅमेरा जोडा, एका फ्लॅटसाठी एवढा उद्योग कोण करणार. तीन-चार फ्लॅट असतील तर विचार करा.

आता पैशाचं. मला कोटेशन आलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत, "टोटल ३,५०० ऑल इन्क्लुसिव्ह". मी विचारलं यात सरकारचे किती तुमचे किती, तर दुपारभर उत्तर नाही, मग "मॅडम सगळं धरून आहे". हे असलं मला चालत नाही. सरकारी हिशोब एकदम सोपा आहे आणि प्रत्येक मालकाला तो यायलाच पाहिजे. संपूर्ण मुदतीचं भाडं घ्यायचं, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज मिळवायचं (परत न करायचं डिपॉझिट असेल तर ते पण पूर्ण), आणि आलेल्या रकमेवर पाव टक्का स्टँप ड्युटी. करार ६० महिन्यांपर्यंतचा असेल तर हाच दर. म्हणजे आमच्या केसमध्ये १९ हजार गुणिले ११, झाले २ लाख ९ हजार, ५० हजारावरचं ११ महिन्यांचं व्याज साधारण ४,५८३, बेरीज २ लाख १३ हजार ५८३, त्याचा पाव टक्का म्हणजे ५३४ च्या आसपास. रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. वर डॉक्युमेंट हँडलिंगचा छोटा चार्ज. बाकी उरलं ते एजंटचं. मी ही आकडेमोड करून पाठवली तेव्हा कुठे मला फोड करून मिळाली, आणि त्या फोडीत "पोलीस व्हेरिफिकेशन ५००" असं एक प्रकरण निघालं. त्याबद्दल खाली सांगते.

एजंटने त्याचे पैसे घ्यावेत हो, त्याला पेट्रोल लागतं, मुलांचे पगार आहेत, माझी काहीच हरकत नाही. पण सरकारी आणि खासगी एकत्र कालवून सांगू नये. आणि चलन (सरकारी पैसे भरल्याची पावती) मागून घ्या, ते तुमच्या किंवा भाडेकरूच्या नावाने निघतं, त्यावर रक्कम छापलेली असते, वाद मिटला. पीडीएफवर रजिस्ट्रेशन नंबर दिसेपर्यंत एजंटला शेवटचा हप्ता देऊ नका आणि महत्त्वाचं म्हणजे भाडेकरूला चावी पण देऊ नका. "अंगठे झाले मॅडम, आता दोन दिवसात येईल, त्यांना सामान टाकू द्या" असं सगळे म्हणतात, मी नाही ऐकलं, भाडेकरूंनी पण समजून घेतलं, शनिवारी पीडीएफ आली रविवारी टेम्पो आला.

माझ्या मोठ्या नणंदेचं म्हणणं असं की कशाला एवढा खर्च, १०० च्या स्टँपवर ११ महिन्यांचं लिहायचं, नोटरीचा शिक्का मारायचा, आम्ही कायम तसंच केलं. हे पुण्या-मुंबईत अजून निम्मे लोक बोलतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एक वर्षापेक्षा कमी मुदत असली की रजिस्ट्रेशन लागत नाही ही समजूत देशाच्या नोंदणी कायद्यातून आलीये, तिथे एक वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. पण महाराष्ट्रात त्यावर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, त्याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे. ११ महिन्यांचा असो नाहीतर ५ महिन्यांचा. आणि रजिस्टर करायची जबाबदारी भाडेकरूची नाही, ब्रोकरची नाही, मालकाची. नाही केलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही.

दंडाचं सोडा, ते कोणी मनावर घेत नाही. खरी मेख वेगळीच आहे. त्याच कलमात असं आहे की करार रजिस्टर नसेल तर भाड्याने देताना काय अटी ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे भाडेकरू म्हणाला भाडं १९ नाही १२ ठरलं होतं, डिपॉझिट ५० नाही दीड लाख दिलं होतं, तर पुरावे गोळा करत तुम्ही फिरायचं. उलट रजिस्टर असेल तर मुदत संपल्यावर घर सोडत नसेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, नेहमीच्या कोर्टाच्या रगाड्यापेक्षा तो रस्ता छोटा आहे, लेखी करारात जे लिहिलंय ते तिथे निर्णायक पुरावा धरतात, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळाचे पैसे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने मागता येतात. दीड-दोन हजार सरकारी खर्चात एवढं संरक्षण मिळतंय आणि लोक नोटरीच्या शिक्क्यावर ६०-७० लाखाचा फ्लॅट देऊन मोकळे होतात, कमाल आहे.

बरं, ११ महिन्यांचाच का करायचा हे मी त्या एजंटला विचारलं. उत्तर, "सगळे तसंच करतात मॅडम, नाहीतर भाडेकरूचा हक्क लागतो". हक्कबिक्क काही लागत नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये माणूस तुमच्या परवानगीने राहतो, तीन वर्षं राहिला म्हणून मालक होत नाही, ती १२ वर्षांची जी गोष्ट सगळे सांगतात ती परवानगीशिवाय, मालकाच्या विरोधात ताबा ठेवून बसलेल्या माणसाची आहे. खरं कारण साधं आहे, ११ महिन्यांनी पुन्हा अ‍ॅग्रीमेंट, पुन्हा एजंटची फी, आणि ब्रोकर असेल तर "रिन्यूअलचं ब्रोकरेज अर्धा महिना". त्यांचं दुकान त्यावर चालतं.

मी हिशोब मांडून पाहिला. ३६ महिन्यांचा करार, पहिलं वर्ष १९, दुसरं २०, तिसरं २१ हजार, तर एकूण भाडं ७ लाख २० हजार, डिपॉझिटचं व्याज १५ हजार, पाव टक्का म्हणजे १,८३७ आणि रजिस्ट्रेशन १,०००, म्हणजे तीन हजाराच्या आत तीन वर्षं मिटली. तेच ११-११ महिन्यांचे तीन केले तर नुसती सरकारी रक्कमच साडेचार हजाराच्या वर जाते, मुदत पण ३३ महिनेच, आणि एजंटची फी तीनदा, आणि सासूबाईंचा अंगठा तीनदा. भाडेकरू चांगला वाटत असेल, नोटीस पिरियड नीट लिहिलेला असेल तर लांब मुदतीत मालकाचं काहीही बिघडत नाही. ज्यांना दोन वर्षांत फ्लॅट विकायचाय किंवा मुलगा परत येणारे त्यांनी अर्थात ११ च करावा. आम्ही या वेळी ११ केला कारण भाडेकरू म्हणाले ऑफिस हिंजवडीला शिफ्ट व्हायची बोलणी चाललीयेत. ठीक आहे.

आता मुख्य तक्रार, ड्राफ्ट. जिथे दीड स्टार कापला ती जागा.

ड्राफ्ट आला रात्री साडेदहाला, सोबत मेसेज "चेक अँड कन्फर्म, सकाळी सबमिट". चौदा पानं. मी वाचायला बसले तर पहिल्याच पानावर विंग चुकलेली, आमची डी आणि तिथे बी. म्हणजे मी बी विंगमधला कोणाचा तरी फ्लॅट भाड्याने देत होते! पुढे परिशिष्टात "एक टू व्हीलर पार्किंग", आमचं फोर व्हीलर कव्हर्ड पार्किंग आहे आणि ते आधीच्या कुठल्यातरी क्लायंटचं तसंच राहिलेलं. हे एकवेळ टायपिंग म्हणून सोडून देऊ, पण लक्षात घ्या की एकदा रजिस्टर झालं की खोडता येत नाही, पुन्हा नवीन दस्त, पुन्हा पैसे. म्हणून ड्राफ्ट आणि इंडेक्स टू (तुमच्या खरेदीखताचा) शेजारी शेजारी ठेवून फ्लॅट नंबर, विंग, मजला, क्षेत्रफळ, सर्व्हे नंबर सगळं ताडून बघा. नावांची स्पेलिंग आधारप्रमाणे.

पण खरा झटका सतराव्या कलमाला बसला. मुदत संपूनही भाडेकरूने घर सोडलं नाही तर त्याने रोज ५०० रुपये द्यायचे असं लिहिलेलं. ऐकायला दंड वाटतो ना? भागाकार करा. १९ हजार भागिले ३०, रोजचं भाडंच ६३३ होतं. म्हणजे मुदतीनंतर राहिलेला माणूस मुदतीत राहिलेल्यापेक्षा स्वस्तात राहणार! कायदा दुप्पट म्हणतोय, म्हणजे रोजचे जवळजवळ १,२६७, आणि आमचे एजंटसाहेब मला ५०० वर सही करायला लावतायत. मी फोन केला तर म्हणे स्टँडर्ड फॉरमॅट आहे, आजपर्यंत कोणी ऑब्जेक्शन घेतलं नाही. कोणी वाचलंच नसेल तर ऑब्जेक्शन कोण घेणार! बदलून घेतलं, "कायद्यानुसार लायसन्स फीच्या दुप्पट" असं लिहून घेतलं (लायसन्स फी म्हणजे भाडंच).

लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळाआधी घर सोडायचं नाही ही अट, नव्हतीच. म्हणजे भाडेकरू दुसऱ्या महिन्यात जाऊ शकतो आणि तुम्ही पुन्हा ब्रोकरेज भरून नवीन शोधा, मधले दोन महिने रिकामे. फ्लॅट रिकामा राहणं हाच भाड्याच्या धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च आहे, लोक हजार-पाचशे भाडं वाढवून मागत बसतात आणि त्या नादात दीड महिना कुलूप. १९ हजाराचा फ्लॅट एक महिना रिकामा म्हणजे वर्षभर भाडं दीड हजाराने कमी घेतल्यासारखं. सहा महिन्यांचं लॉक-इन टाकलं, दोघांनाही लागू, म्हणजे आम्हीही त्यांना सहा महिन्यांत काढू शकत नाही, ते बरोबरच आहे, एकतर्फी लिहिलं की शहाणा भाडेकरू सही करत नाही आणि वेंधळा करतो, आणि आपल्याला शहाणा हवाय. त्यानंतर एक महिना नोटीस, लेखी, आणि ईमेल-व्हॉट्सअ‍ॅप चालेल असं स्पष्ट, दोघांचे ईमेल करारातच.

डिपॉझिट परत कधी, याबद्दल ड्राफ्टमध्ये "यथावकाश" होतं, मला हसूच आलं. मी लिहून घेतलं की चावी देताना त्याच दिवशी, लाईट बिल आणि तुटफूट वजा करून, वजावटीचा कागद देऊन. मालक म्हणून हे माझ्या विरोधात वाटेल, पण डिपॉझिटची खात्री असली की भाडेकरू शेवटचे दोन महिने भाडं थांबवत नाही. "डिपॉझिटमधून कापा" हा जो प्रकार आहे ना तो मालकांनीच डिपॉझिट लटकवून लटकवून तयार केलाय. रंगाचं पण तसंच, टेम्प्लेटमध्ये एक महिन्याचं भाडं पेंटिंगसाठी कापायचं होतं, मी काढून टाकलं. ११ महिन्यांत भिंती मळणारच, त्याचंच भाडं घेतो आपण. भिंतीत खिळ्यांची चाळण केली तर वेगळं.

आणि घरात कोण कोण राहणार त्यांची नावं लिहा, पोटभाडेकरू नको, पीजी नको. मेंटेनन्स कोण भरणार, पाण्याचा टँकर आला तर जादाचे पैसे कोण देणार (धायरी आहे हो, टँकरचं लिहावंच लागतं) हे पण.

एवढे बदल सांगितल्यावर ड्राफ्ट दुरुस्त होऊन आला, एक-दोन गोष्टी परत राहिल्या, परत सांगितल्या, वैतागले असतील पण केलं त्यांनी, जादा पैसे मागितले नाहीत. हे त्यांच्या बाजूने.

आता तो मुलगा. विशीतला असेल, पाठीवर सॅक, वेळेवर आला, चप्पल बाहेर काढून, आधी पाणी मागितलं मग लॅपटॉप उघडला. माझा अंगठा पहिल्या फटक्यात. सासूबाईंचा काही केल्या येईना. सत्तरीच्या पुढे, आयुष्यभर भांडी घासलेले हात, रेषाच पुसट झाल्यात. मशीन लाल, परत लाल. त्या म्हणायला लागल्या "माझ्यामुळे अडतंय का रे". तो म्हणाला "आजी मशीनच आगाऊ आहे", त्यांच्याशी गप्पा मारत ओल्या रुमालाने अंगठा पुसला, मग कोरडा केला, जरासं व्हॅसलीन लावून परत पुसलं, मशीनची काच पुसली, सपाट न ठेवता थोडा दाबून धरायला सांगितला, आणि आला एकदाचा हिरवा. अजिबात चिडचिड नाही. त्याच्या जागी मी असते तर एवढा धीर धरला नसता.

ज्यांच्या घरी वयस्कर सहमालक आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा, मालकीत जेवढी नावं तेवढे करारात यायला हवेत. आधार केंद्रात जाऊन बायोमेट्रिक अपडेट आधीच करून घेतलं तर त्रास कमी. आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं असेल तर अंगठा कितीही दाबा चालणार नाही, आधीच्या रात्री अ‍ॅपवरून अनलॉक करा, काम झालं की परत लॉक. एजंटला आधारची कॉपी व्हॉट्सअ‍ॅपवर मागायची फार घाई असते, तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क्ड कॉपी पाठवा, पूर्ण नंबर टाकायचाच असेल तर तो समोर बसलेला असताना सांगा.

पोलीस व्हेरिफिकेशनचे ५००. हे मी दिले नाहीत. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं आवश्यक आहे, पोलीस आयुक्त तसे आदेश काढतात आणि ते मोडले तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली (आधीचं आयपीसी १८८) गुन्हा दाखल होऊ शकतो, मालकावर बरं का. पण ती माहिती पोलिसांच्या वेबसाइटवर स्वतः भरता येते, फोटो, आधार, कराराची तारीख, मूळ गावचा पत्ता, दोन ओळखीच्यांचे नंबर, चहा पिता पिता होतं. पोचपावतीची पीडीएफ येते ती सोसायटीला द्या. आणि एजंट याला व्हेरिफिकेशन म्हणतात पण ही नुसती माहिती कळवणं आहे, माणूस कसा आहे ते पोलीस तुम्हाला सांगत नाहीत, ते तुम्ही जुन्या घरमालकाला फोन करून विचारायचं. मी विचारलं होतं, त्या बाई म्हणाल्या "भाडं पाच तारखेच्या आत, फक्त बाल्कनीत कपडे फार वाळत घालतात". लगेच हो म्हणून टाकलं.

सोसायटीचा विषय एजंटच्या कामात येत नाही पण त्या अंगठेवाल्या मुलाने जाता जाता सांगितलं की बऱ्याच ठिकाणी कमिटी भाडेकरू आला की मूव्ह-इन चार्ज, एनओसी चार्ज, काय काय मागते. नोंदणीकृत गृहनिर्माण सोसायटी असेल तर भाड्याने द्यायला परवानगी लागत नाही, आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. ना-भोगवटा शुल्क म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी, मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते, १ ऑगस्ट २००१ च्या शासनाच्या परिपत्रकानुसार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, सेवा शुल्काच्या, भाड्याच्या नाही, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. सेवा शुल्क महिना १,५०० असेल तर फार तर १५०. कमिटीला प्रेमाने परिपत्रकाची प्रिंट द्या, भांडू नका, त्याच लोकांकडे उद्या प्लंबर पाठवायला सांगायचंय. पुण्यात बरीच "अपार्टमेंट" आहेत, सोसायटी नाहीत, त्यांना डिक्लेरेशनचे (अपार्टमेंटच्या नोंदलेल्या घोषणापत्राचे) नियम लागतात, तिथे आधी तो कागद वाचा.

पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत असते, त्यासाठीच तो पीटी-३ नावाचा फॉर्म भरायचा असतो. भाड्याने दिलं की ती सवलत आपली नाही. भाड्याचा हिशोब करताना लोक हे विसरतात. १९ हजार म्हणजे वर्षाला २ लाख २८ हजार, फ्लॅट ६५ लाखाचा धरला तर साडेतीन टक्के, त्यातून मेंटेनन्स, मिळकतकर, एखादा महिना रिकामा, गिझर, ब्रोकरेज. गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घ्यायला निघालेल्यांना मी हेच गणित मांडून दाखवते, मग ते माझ्याशी आठ दिवस बोलत नाहीत. इन्कम टॅक्सला भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीची बिलं दाखवा न दाखवा. भाडेकरूला एचआरए (पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची करसवलत) घ्यायचा असेल आणि वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर तो तुमचा पॅन मागणारच, तेव्हा भाडं लपवायचा विचार सोडा.

चावी देताना एवढं करा, मीटरचं रीडिंग भाडेकरूसमोर फोटो काढून, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, पंखे-ट्यूब-गिझर-चिमणी-पडद्याचे रॉड यांची यादी, दोघांची सही. महावितरणच्या अ‍ॅपमध्ये तुमचा ग्राहक क्रमांक टाकून ठेवा, बिल भरलं की नाही घरबसल्या दिसतं, कनेक्शन तुमच्या नावाचं आहे, थकबाकी पण तुमच्याच डोक्यावर येते. मी दर महिन्याला बघते, एक शब्द न बोलता.

माझे दीर सिंगापूरला असतात, त्यांचा पण कोथरूडला एक फ्लॅट आहे, त्यांना याच लोकांकडून करून घ्यायचंय म्हणून मी एजंटला विचारलं. परदेशातल्या मालकाला इथे कोणाला तरी कुलमुखत्यारपत्र द्यावं लागतं, ते तिकडे करून पाठवलं तर महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथली स्टँप ड्युटी भरायची. हे त्याला नीट माहीत होतं, चांगलं समजावलं. मग मी टीडीएसचं, म्हणजे भाडं देतानाच कापून सरकारला भरायच्या टॅक्सचं, विचारलं. निवासी मालकाला महिना ५० हजारांपेक्षा जास्त भाडं असेल तरच भाडेकरूने २ टक्के कापायचे असतात (ऑक्टोबर २०२४ च्या आधी ५ होते), पण मालक एनआरआय असेल तर भाडं १० हजार असलं तरी भाडेकरूने ३० टक्के आणि वर सेस कापून सरकारला भरायचा असतो, नाही कापला तर भाडेकरू अडकतो. म्हणजे हे करारात लिहायला पाहिजे आणि भाडेकरूला आधी सांगायला पाहिजे. यावर एजंट म्हणाला, "काही होत नाही मॅडम, कोणी बघत नाही, आपण करारात तुमच्या मिस्टरांचं नाव टाकू". दिरांना सांगितलंय, अंगठ्यासाठी त्या मुलाला बोलवू, बाकीचं सीएला विचारून.